अर्ध्या दाताचा राजा

माझ्या सैन्यात एकही जिवंत माणूस नाही. सांगाडे आहेत, थडग्यातून नुकतेच उठलेले भालेवाले आहेत, मांस झडून गेलेले घोडे आहेत, आणि त्या सगळ्यांच्या पुढे एक मेलेला राजा आहे. उंची म्हणाल तर करंगळीची दोन पेरं. दुसऱ्यांच्या घरी ज्या काचेच्या कपाटात ठेवणीतल्या कपबश्या असतात, त्या कपाटात आमच्याकडे ही मंडळी राहतात. पाहुणे आधी दचकतात आणि मग काचेला नाक लावून बघत बसतात. ‘हे सगळं तुम्ही रंगवलंत?’ असं कुणी विचारलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं. कपाटातल्यांच्या अंगावर ते चढत नाही, एवढाच काय तो फरक.

मी पूर्वी कवळ्या बनवायचे. दातांच्या लॅबमधलं खिडकीजवळचं टेबल माझं होतं. मेणात दात बसवायचे, हिरड्या घडवायच्या, घासून चमकवायच्या. या शहरातली कितीतरी माणसं माझ्या दातांनी हसतात आणि त्यांना ते माहीतही नाही. एकदा एक दुकानदार नव्या दाताचा रंग जुळवून घ्यायला लॅबमध्ये आला. त्याचं दुकान युद्धखेळांच्या सामानाचं. म्हणजे प्लास्टिकचे इवलेसे सैनिक विकत आणायचे, सुटे हातपाय चिकटवून जोडायचे, रंगवायचे, आणि मोठ्या टेबलावर टेकड्या-जंगलं मांडून, पट्टीने अंतरं मोजून, फासे टाकून दोघांनी लढाई खेळायची. कुणाचं सैन्य सरदारांचं, कुणाचं राक्षसांचं, कुणाचं मेलेल्यांचं. दुकानदाराच्या हातातल्या खोक्यात मेलेले होते. बसल्याबसल्या त्याने कौतुकाने एक सांगाडा माझ्या टेबलावर ठेवला.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“सांगाडा.”

“ते दिसतंय. त्याच्या तोंडात काय आहे?”

“दात आहेत की.”

“याला दात म्हणतात? आडवी रेघ मारून वर उभे ओरखडे ओढलेत. सुळे कुठे आहेत? दाढा कुठे आहेत? हा जिवंत होता तेव्हा काय नुसतं दूध पीत होता?”

मी माझी सगळ्यात बारीक कोरणी उचलली आणि तिथल्या तिथे त्या सांगाड्याला पटाशीचे दात, सुळे, दाढा, सगळं कोरून दिलं. दुकानदाराच्या दाताचा रंग जुळवायचा राहिलाच. त्याने तो सांगाडा भिंगाखाली धरला, बराच वेळ बघितला आणि आख्खं खोकं माझ्याकडे सरकवलं. तेव्हापासून मी या नादाला लागले ती लागलेच.

माझ्या सैन्यात एकाची बत्तिशी दुसऱ्यासारखी नाही. म्हाताऱ्या सांगाड्यांच्या दाढा पडलेल्या आहेत. एका तिरंदाजाचे दात पुढे आहेत. दुकानाच्या वर या खेळाचा क्लब आहे, तिथे सगळे मला कवटीकाकू म्हणतात आणि मी मान ताठ ठेवून ओ देते. क्लबात एक पद्धत आहे. मेलेल्यांशी लढून जो हरेल त्याने आपल्याकडचा एखादा मोडका सैनिक जिंकणाऱ्याला द्यायचा, कारण मेलेले समोरच्यांच्या मुडद्यांनाही उठवून आपल्या रांगेत घेतात. त्यामुळे माझ्या रांगांत क्लबातल्या सगळ्यांचे मुडदे उभे आहेत. सगळ्यात जास्त चष्मेवाल्याचे. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, आणि सैन्य सरदारांचं, चकचकीत. प्रत्येक सरदाराच्या डोळ्यात तो बुबुळ काढतो आणि बुबुळात उजेडाचा ठिपका. धंदाच डोळ्यांचा, त्याला कोण काय करणार?

मग माझे हात थरथरायला लागले. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण हे जाणार नाही. हात मांडीवर असला की शहाण्यासारखा बसतो. कामाला उचलला की थरथर सुरू. कवळीच्या कामात ते चालत नाही. दात केसभर वाकडा बसला तरी माणसाची जीभ सोलवटते. मला कुणी थांब म्हणायच्या आत मी स्वतः काम सोडलं. रंगवणंही आता संपलं असं धरून कपाटाकडे पाठ करून बसायचे. त्या दिवसांत मी खूप रडले. यात लपवण्यासारखं काही नाही.

एका दुपारी चिडून कोरडा ब्रश उचलला. ही एक रीत असते. ब्रशला रंग लावायचा, तो कागदावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि उरलेला हाडांवरून हलकेच ओढायचा. उंचवट्यांना रंग लागतो, खाचा काळ्या राहतात. हात थरथरत होताच. बघता बघता हाड हाडासारखं दिसायला लागलं. चिलखतावर गंज चढला, खऱ्या गंजासारखा, कुठे दाट, कुठे विरळ. झग्याच्या कडा कुजल्या. हात ठणठणीत असताना जे जीव तोडून साधत नव्हतं ते आता होत होतं. शिवाय मेलेल्यांना बुबुळं लागत नाहीत. हात थांबायची वाट बघणं मी सोडून दिलं. थरथर कुठल्या बाजूला झुकते ते ओळखायचं आणि ब्रश तसा धरायचा, हे शिकत गेले. माझं आताचं काम माझ्या आधीच्या कामापेक्षा सरस आहे. आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये म्हणतात, पण मग दुसऱ्या कुणाला हे इतकं नीट ठाऊक असणार?

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगते. हे लिफ्टचे मिस्त्री होते, हल्लीच निवृत्त झाले. बिघडलेलं काही दिसलं की यांचे हात शिवशिवतात. शेजाऱ्यांची दारावरची घंटा, जिन्यातला दिवा, माझ्या बहिणीची चाकांची बॅग, कशालाही हे सोडत नाहीत. एकच वस्तू यांनी जन्मात दुरुस्त करू दिली नाही, ती म्हणजे स्वतःचा पुढचा दात. लग्नानंतर थोड्याच दिवसांत लिफ्टच्या मशीनखोलीत यांच्या हातून पाना सटकला आणि वरचा दात तिरका, अर्धा तुटला. बायको दात बनवणारी, नवऱ्याचा दात अर्धा! मी म्हटलं, चला, डॉक्टरला दाखवू, नवा मी स्वतः घडवते. पण डॉक्टरच्या खुर्चीचं नाव काढलं की यांची पाचावर धारण बसते. एकदा मी दारापर्यंत नेलं होतं, तर ड्रिलचा आवाज ऐकून हे माझ्याआधी घरी पोचले. तेव्हापासून प्रत्येक फोटोत यांचे ओठ घट्ट मिटलेले आणि हसताना तोंडापुढे हात. मी एकटी समोर असले की मात्र हात खाली असतो. मला तो अर्धा दात फार आवडतो.

म्हणून मी तो राजाला दिला. राजाचा जबडा मी पुट्टी मळून नव्याने घडवला आणि वरच्या ओळीत तो दात बसवला, तिरका, अर्धा, अगदी यांचाच. यांना सांगितलं नाही. कधीतरी आपणहून दिसेल, म्हटलं. पण यांच्या लेखी ती ‘तुझी भुतं’. कपाटाची धूळ न चुकता पुसायचे. आत निरखून कधी बघितलं नाही. राजाचा झगा, गंज, हाडं, सगळं मी माझ्या थरथरत्या हाताने केलं. त्याच्यावर मी किती दिवस घालवले ते मलाच आठवत नाही.

क्लबाचा वर्षाचा मेळावा दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये भरतो. सगळी टेबलं भिंतीकडेने असतात आणि एक मोठं टेबल मधोमध. सभासदांनी निवडलेलं सैन्य त्यावर मांडतात, दुपारी त्याची लढाई लावतात, आणि बाहेरगावहून आलेली माणसंसुद्धा भोवती गर्दी करतात. आजवर ते टेबल बहुतेक वेळा चष्मेवाल्याला मिळालं. या वर्षी सभासदांनी मला दिलं. मधल्या टेबलाचे नियम दोनच आहेत. सैनिक मालकाने स्वतःच्या हाताने रंगवलेला हवा आणि त्याच्यावर निदान तीन रंग हवेत. मेलेल्यांच्या सैन्याला खेळाची आणखी एक अट असते. राजा नसेल तर सैन्य उठत नाही. राजा नाही तर बाकी सगळी नुसती हाडं.

मेळाव्याआधी मी काही दिवस बहिणीकडे गेले होते. सैन्य स्पंजाच्या खोक्यांत आधीच भरून ठेवलं होतं. राजाची डबी वेगळी होती. मेळाव्याच्या सकाळी मी चहा घेत होते, तर हे ती डबी घेऊन समोर उभे. चेहरा खुललेला, तोंडापुढे हात.

“उघड तर.”

मी उघडली. आत एक राजा होता. झगा जांभळा, कडेपर्यंत गुळगुळीत. मुकुट सोन्याचा, त्यात लाल खडे. डोळ्यांच्या खोबणीत निळा उजेड पेटलेला. आणि तोंडात सगळे दात, सरळ, पांढरेशुभ्र, एका मापाचे.

“हे काय आहे?”

“तुझा राजा! दुकानात तो ऑर्डरवर रंगवून देणारा रंगारी आहे ना, त्याच्याकडून करून घेतला. अगं, आज इतकी माणसं येणार. तुझा हात हलतो यात तुझा काय दोष? पण राजावर ते सगळं दिसत होतं गं. रंग कुठे लागलेला, कुठे नाही. आणि एक दात तुटला होता, तोसुद्धा त्याने भरून दिला.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे रंगारी लोक नवीन रंग देण्याआधी सैनिक औषधात बुडवून ठेवतात. जुना रंग सालीसारखा निघून येतो आणि खाली नुसतं प्लास्टिक राहतं. म्हणजे माझं काम त्या जांभळ्या झग्याखालीही नव्हतं. ते मोरीत वाहून गेलं होतं.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. शेजारच्यांना तोंडपाठ असेल. पण रागाचं एक वेळ परवडलं, कारण राग बोलून टाकता येतो. जे मी माझं सगळ्यात चांगलं काम म्हणून कपाटात पुढे ठेवलं होतं, त्यात यांना माझा आजार दिसला होता. परक्या कुणाला नाही, यांना. ते मला बोलताही येईना.

“कुणाला कळणार आहे?” हे हळूच म्हणाले.

“सगळ्यांना कळेल. बाकीचे थडग्यातून उठून आलेत आणि हा सलूनमधून. आणि दुसऱ्या कुणाला नाही कळलं तरी मला कळेल.”

“मग तू परत रंगव. दुपारपर्यंत वेळ आहे. मी तुझा हात घट्ट धरतो, म्हणजे हलणार नाही.”

“माझा हात कुणी धरायचा नाही!”

हे एवढे मोठे लिफ्टचे मिस्त्री, लोखंडी दोरांशी आयुष्यभर झटलेले, पण माझ्या त्या आवाजाने भिंतीला टेकले. मी रंगाच्या बाटल्या, ब्रश आणि कोरणी पिशवीत भरली. केस वाळवायचा ड्रायरही टाकला. यांनी मुकाट्याने खोकी उचलली आणि माझ्या मागून जिना उतरले.

हॉलमध्ये पोचल्या पोचल्या मी दुकानदाराला राजा दाखवला. म्हटलं, हा माझ्या हातचा नाही. रंगारी जवळच उभा होता, त्याचं तोंड एवढंसं झालं.

“काकू, मला वाटलं तुम्हीच पाठवलाय.”

“तुझं काम सुंदर आहे,” मी म्हटलं, आणि ते खरंच सुंदर होतं. “पण ते तुझं आहे.”

दुकानदार मी बनवलेल्या दाताने खालचा ओठ चावत उभा राहिला. “लढाई दुपारी आहे,” तो शेवटी म्हणाला. “तोपर्यंत याच्यावर तुमच्या हातचे तीन रंग दिसले तर नियम पूर्ण होतो. नाही तर टेबल दुसऱ्याला द्यावं लागेल, काकू. माझा नाइलाज आहे.”

“माझं सैन्य खाली गाडीत आहे,” चष्मेवाला म्हणाला. टोमणा नव्हता त्यात, माणूस चांगला आहे. “लागलंच तर म्हणून.”

“लागणार नाही,” मी म्हटलं.

मी मधल्या टेबलाच्या कोपऱ्यावरच बसले. राजाला धरायला सोपं जावं म्हणून एका बाटलीच्या झाकणावर चिकटवला. रंगाच्या आधी दात करायचा होता, आणि तिथेच अडलं. घरी मी कोरायचं काम छोट्या शिकंज्यात आवळून करते. शिकंजा घरीच राहिला होता. डाव्या हातात राजा, उजव्यात कोरणी, आणि दोन्ही हात आपापल्या तालावर. पातं एकदा गालाच्या हाडावरून घसरलं. भोवती माणसं जमत होती.

तेवढ्यात यांचा हात माझ्या मनगटाकडे आला.

“हात नको,” मी म्हटलं. “राजा धरा.”

यांनी खुर्ची ओढली, समोर बसले आणि दोन्ही हातांनी ते झाकण धरलं. जन्मभर लोखंड धरलेले हात, झाकण तसूभर हलेना. चष्मेवाल्याने आपलं स्टँडवरचं मोठं भिंग आणून मधे ठेवलं. मी थरथर उजवीकडे झुकायची वाट बघितली आणि तिच्याबरोबर पातं सोडलं. तुकडा उडाला. आणखी एकदा, कड तिरकी करायला. मग टोकाला एक बारीक खाच, पान्याने पाडलेली असते तशी.

हे भिंगातून बघत होते. आमच्या घरात ते सैन्य इतकी वर्षं राहिलं, पण इतक्या जवळून यांनी त्यातलं एकही तोंड बघितलं नव्हतं. आधी यांच्या कपाळावर आठ्या आल्या. मग यांचे ओठ उघडले, आणि दोन्ही हात अडकलेले असल्यामुळे यांना तोंड झाकता आलं नाही.

“अगं, हा दात माझा आहे.”

“मग दुसऱ्या कुणाचा असणार?”

“आधीपासून होता?”

“आधीपासून होता. तो तुटला नव्हता. मी तसा केला होता.”

“एवढ्या चांगल्या राजाला हा कशाला दिलास?”

“मला आवडतो म्हणून दिला,” मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला असणार, कारण मागे कुणीतरी हसलं. “आता हलू नका.”

हे हलले नाहीत. मी त्या जांभळ्या झग्यावरून, सोन्याच्या मुकुटावरून आणि निळ्या डोळ्यांवरून काळा रंग फिरवला. रंगाऱ्याने मान वळवली. त्याचं मला खरंच वाईट वाटलं. ड्रायरने वाळवलं. मग कोरडा ब्रश घेतला. कवटीवर हाडाचा रंग, बरगड्यांवर, बोटांच्या पेरांवर. मुकुटावर गंज. झग्यावर तो सडका हिरवट रंग, जो माझ्याखेरीज कुणाला जमत नाही. हे भिंगातून सगळं बघत होते, ब्रश कसा येतो, कसा थरथरतो, कुठे टेकतो आणि कुठे टेकत नाही.

“म्हणजे हात हलतो म्हणून हा गंज असा दिसतो,” हे हळूच म्हणाले.

“हात हलतो. पण कुठे हलू द्यायचा ते मी ठरवते.”

यांनी मान डोलावली. मग म्हणाले, “मी फार मोठी चूक केली गं.” मी म्हटलं, “केलीत,” आणि ब्रश धुवायला पाणी मागितलं.

तीन रंग केव्हाच झाले होते, मी पुढचे लावत होते. दुकानदाराने राजा हातात घेऊन फिरवून बघितला, दात बघितला, मग यांच्या तोंडाकडे बघितलं आणि राजा सैन्याच्या पुढे नेऊन ठेवला. आधीचा राजा परत आला असं मी म्हणणार नाही, तो गेला तो गेलाच. हा घाईचा आहे, जरा रागीट आहे. पण मधल्या टेबलावर माझे सगळे मेलेले त्याच्यामागे उभे राहिले, आणि त्यांच्याकडे बघून मला वाटलं, हे मी केलंय, या हातांनी केलंय, आणि माझी छाती भरून आली.

चष्मेवाल्याने गाडीतलं सैन्य वर आणून माझ्यासमोर मांडलं, आणि लढाई मी हरले. त्याच्या सरदारांनी माझे भालेवाले आडवे केले आणि फाशांनी ऐन वेळी दगा दिला. पण राजा शेवटपर्यंत उभा होता. जिंकूनसुद्धा चष्मेवाल्याने खिशातून एक मोडका सरदार काढून माझ्यापुढे ठेवला. पद्धतीत हे बसत नाही, पण मी घेतला.

मी खोकी भरत होते तेव्हा हे टेबलाशी होते. बाहेरगावचा एक अनोळखी माणूस राजाकडे वाकून बघत होता. “दात बघितलात का?” हे त्याला म्हणत होते. “नीट बघा. हे बघा, हा.” आणि स्वतःचा वरचा ओठ बोटाने उचलून दाखवत होते.

शेवटी भिंतीवर लावायला फोटो काढला. मी राजाला तळहातावर घेऊन उभी राहिले, हे माझ्या शेजारी. फोटो काढणाऱ्याने कॅमेऱ्यात बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“काकांचे दात छान आलेत,” तो म्हणाला. “पण काकूंचा हात हलला, राजा जरा पुसट झाला. परत काढू या का? काका, तुम्ही काकूंचा हात धरता का जरा?”

“नको,” हे म्हणाले. “तो तसाच बरोबर आहे.”